वरकस जमिनीवर जळणाचं पीक घेऊन मुंबईची वीज आणि वाफ भागेल का?

माणगावकर_मुलुंड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला मुलुंडला, जमीन माणगाव तालुक्यात. सामाईक सातबारा, त्यातला मोठा तुकडा वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, कित्येक वर्षं पडीक. गावात नुकतीच एक कंपनी पत्रकं वाटून गेली. मजकूर असा: देशाला वीज हवी, कारखान्यांना उष्णता हवी, गॅस आणि चांगला कोळसा बाहेरून येतो, मग इंधन शेतातच पिकवा. हत्ती गवत लावा नाहीतर बांबू लावा, आम्ही टनावर घेऊ, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करून औष्णिक केंद्रांना आणि एमआयडीसीतल्या बॉयलरना देऊ. करार लांब मुदतीचा, वर सभासद शुल्क. निम्मे भाऊबंद पेन काढून बसलेत.

कराराचं मी बघून घेईन. मला मुळातला प्रश्न पडलाय. जाळण्यासाठी म्हणून मुद्दाम पीक घ्यायचं आणि त्यातून शहराची वीज-उष्णता भागवायची, हे गणितात बसतं का? जाणकारांनी लिहावं. राजकारण नको, दोन्ही बाजूंना हात जोडून विनंती.

टवाळ_टमटम

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

आकडेमोड्या

गणित विचारलंत म्हणून गणितच देतो.

संकरित नेपियर, म्हणजे तुमचं हत्ती गवत, भरपूर पाणी आणि खत मिळालं तर हेक्टरी वर्षाला दोनशे टन ओला चारा देऊ शकतं. पत्रकात हाच आकडा ठळक छापला असणार. पण कापताना त्यात ऐंशी टक्के पाणी असतं. वाळवून उरले ४० टन. किलोला ४००० किलोकॅलरी धरा. वीज केंद्राची कार्यक्षमता ३० टक्के धरा, तीही उदार मनाने, कारण दहा मेगावॉटची छोटी बायोमास केंद्रं तिथपर्यंत पोचत नाहीत. हेक्टरी साधारण ५५,००० युनिट वीज, म्हणजे एकरी २२,०००.

आता त्याच एकरावर सौर पॅनल. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे एकरी तीन लाख. गवताच्या तेरा-चौदा पट, आणि पाटाचं पाणी न देता.

मुंबईची कमाल मागणी उन्हाळ्यात ४००० मेगावॉटच्या घरात जाते. सगळी सोडा, त्यातले फक्त १००० मेगावॉट वर्षभर अखंड गवतावर चालवायचे म्हटलं तरी १,६०,००० हेक्टर बागायती गवत लागेल. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर. म्हणजे अडीच मुंबईपेक्षा जास्त जमीन नुसत्या गवताखाली. तेही बागायती. वरकसावर उत्पादन तिसऱ्या हिश्श्यावर आलं तरी नशीब, मग जमीन तिप्पट करा.

विजेसाठी पीक हा विषय माझ्यापुरता इथे संपला. उष्णतेचं वेगळं आहे, ते सावकाश लिहितो.

रात्रपाळी

आकडेमोड्या, सूर्य संध्याकाळी साडेसहाला घरी जातो. मुंबईचे एसी त्यानंतर लागतात. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का? मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. साठवून ठेवता येणारं, हवं तेव्हा पेटवता येणारं इंधन हाताशी असणं याला काही किंमत आहे की नाही? गवताचा ढीग म्हणजे एका अर्थी बॅटरीच.

आकडेमोड्या

किंमत आहेच. पण हवं तेव्हा वीज देणारं पाणीही आहे. जलविद्युत केंद्रं बघा: खोपोली १९१५ पासून, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुंबईची वीज शंभर वर्षं सह्याद्रीच्या उतारावरून येतेय. घाटघरला २५० मेगावॉटचं पाणी वर चढवून साठवायचं केंद्र चालू आहे. बॅटऱ्या स्वस्त होताहेत. आणि १२ ऑक्टोबरला जे झालं ते वाहिन्या एकामागोमाग पडल्यामुळे. तेव्हा तुमच्याकडे गवताचा डोंगर असता तरी लोकल थांबल्याच असत्या.

सुमेधा_वि

भिऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. भिऱ्याला येणारं पाणी मुळशीचं. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पाठीशी उभं राहून सत्याग्रह केला. जमीन मावळातली आणि दिवे मुंबईचे, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. जळणाच्या पिकावर बोलताना तो बाजूला ठेवता येत नाही.

आणि गवताचं म्हणाल तर मुंबईसाठी गवत ही काही नवी कल्पना नाही. डहाणू, तलासरी, पालघर, वाडा या पट्ट्यातलं गवत गाठी बांधून मुंबईला यायचं, घोड्यांना आणि म्हशींच्या तबेल्यांना. शहराची वाहतूक आणि दूध त्या गवतावर चालत होतं. ते कापायचे वारली, आणि पैसा सावकार-जमीनदारांचा. १९४५ च्या वारली उठावात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली ज्या मागण्या होत्या त्यातली एक नेमकी गवत कापणीच्या मजुरीची: ५०० पौंडांना अडीच रुपये. तेव्हा माणगावकर, तुमच्या पत्रकात टनाचा भाव कुठल्या टप्प्यावर धरलाय ते बघा. कापून, वाळवून, बांधून, गाडीत भरून की उभ्या पिकाचा? मजुरी कोण देणार? गवत तेव्हाही स्वस्त नव्हतं, कापणारा स्वस्त होता.

टवाळ_टमटम

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न खाली ठेवले.

तळोजा_बॉयलर

मी तळोज्यात एका रासायनिक कारखान्यात बॉयलरवर आहे. वर वीज-वीज चाललंय, पण कारखान्याला वाफ लागते आणि ती कोणी पॅनलवरून देत नाही. आमच्याकडे पूर्वी कोळसा होता, आता बरंचसं ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या ठोकळ्यांवर. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटी, मिळेल त्याचं. माल बरा असेल तर चालतो. नसेल तर काय होतं ते सांगतो, कारण पत्रक छापणाऱ्यांनी फर्नेसचं दार कधी उघडलेलं नसतं.

गवतात राख जास्त आणि राखेत पोटॅश जास्त. लाकडाची राख भुरभुरीत पडते. गवताची तापली की वितळते. ग्रेटवर, म्हणजे भट्टीतल्या जाळीवर, ती काचेसारखी पसरते, त्यात अर्धवट जळलेले तुकडे अडकतात आणि खालून हवा यायची बंद. मग प्रेशर पडायला लागतं, उत्पादन विभागाचे फोन सुरू, आणि आमचा माणूस चेहऱ्याला ओलं फडकं बांधून लांब सळईने क्लिंकर (घट्ट झालेली राख) फोडतोय. फुटला तर ठीक, नाहीतर बॉयलर थंड करायचा. एका पुरवठादाराने 'मिक्स बायोमास' म्हणून निम्मं गवत दाबलेला माल पाठवला होता. वास आणि रंग दोन्ही ठीक. आठवडाभरात नळ्यांवर थर बसला.

दुसरी गोष्ट ओलावा. दहा टक्के ओलाव्याचा माल साडेतीन हजार किलोकॅलरीच्या वर देतो. चाळीस टक्क्यांचा दोन-सव्वादोन हजार. वजनकाट्यावर मात्र ओला मालच जास्त भरतो! पावसाळ्यात ताडपत्री फाटलेली गाडी आली की ब्रिकेट फुगून तिचा परत भुसा झालेला असतो. कोकणात जून ते सप्टेंबर तुम्ही गवत वाळवणार कुठे?

लीड्सचा_गिरगावकर

बॉयलरदादांनी पोटॅश म्हटलं म्हणून इकडची गोष्ट. मी जिथे राहतो तिथून तासाभरावर ड्रॅक्स आहे, ब्रिटनमधलं सर्वात मोठं वीज केंद्र. कोळशावरचं होतं, आता लाकडाच्या पेलेटवर चालतं. पत्रकातले 'परदेशातले दाखले' यात हे हमखास असेल. पण ते पेलेट येतात मुख्यतः अमेरिकेतून आणि कॅनडातून, बोटीने. कोळसा सोडायला निघाले आणि जंगल अटलांटिकपलीकडचं. अनुदान चिक्कार, त्यावर भांडणंही चिक्कार.

इथले शेतकरी मिस्कॅन्थस नावाचं उंच गवत लावतात. ते हिरवं कापत नाहीत. हिवाळाभर शेतात उभंच ठेवतात. ते उभ्याउभ्या वाळतं, पानं गळतात, पावसाने पोटॅश धुपून जातं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरडे दांडे कापतात. हेक्टरी दहा-पंधरा टनच मिळतात पण भट्टीला चालतात. आपल्याकडे उलट: जास्त टन हवेत म्हणून दर दोन महिन्यांनी हिरवं कापायचं, आणि हिरव्यातच सगळी घाण.

आणखी एक. ड्रॅक्सपासून जवळच एगबरो इथे आर्बर नावाचा प्रकल्प उभा राहिला होता. वाळुंजाची झाडं दर तीन-चार वर्षांनी बुंध्यापासून छाटायची, त्यांचा वायू करायचा, आठ मेगावॉट वीज करायची. शेतकऱ्यांनी करार करून वाळुंज लावला. २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. झाडं जमिनीत, घेणारा नाही. शेतकरी युरोपातला असला म्हणून त्याची गत काही वेगळी झाली नाही.

विदर्भ_टू_विरार

आर्बरसाठी यॉर्कशायरला कशाला जायचं? मोगली एरंड (जट्रोफा) विसरलात? २००३ मध्ये बायोडिझेलची मोहीम निघाली, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिसळणार होते. 'पडीक जमिनीवर येतो, पाणी नको, गुरं तोंड लावत नाहीत.' आमच्या काकांनी बांधावर आणि माळावर लावला. आला, नाही असं नाही. बिया किती? पाणी दिलं तेवढ्या. पडीक जमिनीवर पीकही पडीकच येतं.

हत्ती गवताचाही अनुभव घ्या. आमच्या मामेभावाच्या तालुक्यात एक कंपनी आली, प्रत्येकाकडून सभासद फी घेतली, बियाण्याचे डोळे त्यांच्याकडूनच विकत घ्यायचे, तालुक्याला बायोगॅसचा प्रकल्प होणार म्हणून भूमिपूजनाचे नारळ फुटले. नारळाच्या पुढे काही झालं नाही. गवत मात्र जोरात आलं. शेवटी शेजारच्या गोठेवाल्याला मिळेल त्या भावाने घातलं. माणगावकर, सभासद शुल्क हा शब्द दिसला की मी पेन खिशात ठेवतो.

कोल्हापुरी_कांदिवली

सगळे जळणाच्या पिकाला झोडपताय आणि महाराष्ट्राचं सर्वात मोठं जळणाचं पीक कोणीच बघत नाही. ऊस! टनभर उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे चिपाड, निघतो, तोच बॉयलरमध्ये जातो. आधी उंच दाबाच्या वाफेने टर्बाइन फिरतं, मग तीच वाफ रस आटवायला. उष्णता आणि वीज एकाच जळणातून. राज्यात सहवीजनिर्मितीची क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर आहे. साखर कारखान्याच्या माणसाला विचारा, गाळप हंगामात तो महावितरणचं बिल भरत नाही, बिल पाठवतो.

आकडेमोड्या

बरोबर, आणि ते का चालतं तेही लिहा. चिपाड गोळा करायचा खर्च शून्य, कारण ऊस साखरेसाठी कारखान्यात येतोच. नुसत्या चिपाडासाठी कोणी ऊस लावेल का? हंगाम संपला की एप्रिल ते ऑक्टोबर निम्मी टर्बाइन्स झाकून ठेवलेली. आणि उसाला पाणी किती लागतं यावर वेगळा धागा काढा, तिथे मी येणार नाही.

फलटणचे_पाव्हणे

पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचं, कोणी बोलेना. शेतातच पेटवतात, रात्री फलटण-बारामती रस्त्याने या, धूर दिसेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी उसाच्या पाचटावर गॅसिफायर (जळणाचा वायू करणारी यंत्रं) चालवून दाखवले त्याला तीन दशकं झाली. पुण्यात आनंद कर्वेंच्या 'आरती' या संस्थेने पाचटाचा कोळसा करायची भट्टी बनवली, २००२ मध्ये तिला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे तंत्र घरचं आहे. अडतं कुठे तर पाचट हलकं, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. वाहतुकीतच भाव संपतो. पन्नास किलोमीटरच्या पुढे वाळलेला पाला नेणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

माणगावकर_मुलुंड

भरभरून लिहिताय, आभार. गवत माझ्यापुरतं बाद. वरकसावर पाणी नाही आणि पावसाळ्यात वाळवायला जागा नाही, दोन्ही मुद्दे जिव्हारी लागले. बांबूचं काय? पाशा पटेल इतके फिरून सांगतात, त्यात काही असेलच ना?

बांबू_बनातला

आहे. २०१७ मध्ये कायद्यातली 'झाड' ही व्याख्या बदलली, तेव्हापासून खासगी जमिनीवरचा बांबू तोडायला वनखात्याची परवानगी लागत नाही. बांबूची उष्णता किलोला चार हजार किलोकॅलरीच्या आसपास, राख गवतापेक्षा पुष्कळ कमी. एकदा बेट जमलं की दरवर्षी काठ्या निघतात, नांगरट नाही. वरकसाला शोभतो.

पण कोकणात तुम्ही लावणार माणगा. सरळ, भरीव, काटे नाहीत. त्याची काठी नगावर जाते, मंडपवाले, बागायतदार, फर्निचरवाले घेतात. जो माल नगावर विकतो तो टनावर भट्टीत कोण घालेल? जळायला जावीत ती शेंडे, वाकडी, किडकी, फांद्या. म्हणून जळणासाठी बांबू असं न म्हणता बांबूचं जळण असं म्हणा, हिशेब जमतो.

सुमेधा_वि

आणि 'पडीक' म्हणताना जरा जपून. त्या वरकसावर कोणाची गुरं चरतात, भाताच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजायला) ऐन-किंजळाच्या फांद्या कोण तोडतं, सरपण कोण नेतं, ते सातबाऱ्यावर नसतं. तुम्ही मुलुंडला, ते तिथे.

पावबटर

धागा एमआयडीसीत आणि डोंगरात फिरतोय, जरा भायखळ्यात या. आमची बेकरी, आजोबांच्या वेळची. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, ते सगळ्यांना माहीत असेल. मुंबईची उष्णतेची गरज म्हणजे ही पण आहे: रोजचा लादीपाव.

लोकांना वाटतं बेकरीवाला झाडं जाळतो. कसली झाडं! येतं ते भंगार: मोडलेली कपाटं, दारं, पॅकिंगच्या फळ्या. त्यात प्लाय, सनमायका, रंग. धुराला वास त्याचा. रात्री भट्टी पेटवायची, विटा तापल्या की निखारे बाजूला ओढायचे, मग लांब दांड्याच्या फळीवरून लाद्या आत. तापलेल्या विटा पुढे तासन् तास काम करतात, ही त्या भट्टीची खुबी. गॅसला पैसे लागतात, भट्टी पाडून नवीन ओव्हन घालायचा तर जागाही लागते. माझा प्रश्न साधा आहे: स्वच्छ लाकडाची किंवा बांबूची पेलेट, नीट पंख्याच्या बर्नरमध्ये, याला कोर्ट 'स्वच्छ' म्हणेल का?

आकडेमोड्या

उष्णतेचं लिहितो म्हटलं होतं, ते इथेच बसतं. त्याच चांगल्या बागायती एकरातलं वाळलेलं गवत म्हणजे घरगुती गॅसच्या चारशे सिलिंडरइतकी उष्णता. वीज केली की त्यातले सत्तर टक्के धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून जातात. वाफ म्हणून वापरली तर सत्तर टक्के कामी येतात. म्हणून बायोमास विजेत घालवू नये, उष्णतेत वापरावा. केंद्राचं धोरण मात्र औष्णिक केंद्रांत पाच-सात टक्के पेलेट मिसळा असं आहे. तेही मुळात पंजाब-हरियाणात पेटवला जाणारा पेंढा वापरात यावा म्हणून. डहाणूसारखं ५०० मेगावॉटचं केंद्र पाच टक्क्यांना वर्षाला लाखभर टन गिळेल. तेवढ्यात तळोज्याचे किती बॉयलर चालतील ते दादांनी सांगावं.

पावबटर, दाट वस्तीत मात्र माझं मत गॅस किंवा विजेच्या बाजूने. पेलेट लाकडापेक्षा खूप बरी जळते, पण सूक्ष्म कण निघतातच, आणि भायखळ्यात तुमच्या धुराड्याच्या उंचीवर कोणाची तरी खिडकी आहे.

रात्रपाळी

म्हणजे पेलेट तळोज्याला, गॅस भायखळ्याला, पॅनल गच्चीवर. मान्य. पण गॅस आयातच ना? आपण वापरतो त्यातला निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो.

देवनार_दर्शन

मग पिकवायचं कशाला, मुंबई रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा टाकते, त्यात ओला भरपूर. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शरद काळे यांनी 'निसर्गऋण' बायोगॅस संयंत्र इथेच ट्रॉम्बेला विकसित केलं. हाजी अलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर हॉटेलांच्या उरलेल्या अन्नातून वीज करून गाड्या चार्ज करायचं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं. जमीन शून्य, खत शून्य. फक्त ओला-सुका वेगळा करा. तेवढंच होत नाही, आमच्या सोसायटीत तर दोन्ही डबे एकाच पिशवीत उलटे होतात.

चिकन_६५

आणि इथेनॉलसाठी मका वळवला तर २०२४ मध्ये देशाला मका आयात करायची पाळी आली. पोल्ट्रीवाल्यांना विचारा खाद्याचा भाव.

टवाळ_टमटम

आयडी बघून प्रतिसाद अपेक्षितच होता.

माणगावकर_मुलुंड

काल करार मागवून वाचला. वजन कंपनीच्या काट्यावर. ओलाव्याची वजावट 'कंपनीच्या निकषांनुसार', निकष कुठेच नाहीत. वाहतूक शेतकऱ्याची. कंपनीने माल नाही घेतला तर काय, यावर एक ओळ नाही. आम्ही दुसऱ्याला विकला तर दंड, यावर सव्वा पान. सभासद शुल्क भरायचं नाही असं तूर्त ठरलंय, दोन चुलतभाऊ रुसलेत. माणग्याच्या रोपांची दापोलीला कृषी विद्यापीठात चौकशी करतोय. सुमेधाताई, गुरांच्या वाटेचं गावात बसून बोलणार आहे.

तळोजा_बॉयलर

ठीक केलंत. कुठल्याही खरेदीदाराशी करार कराल तेव्हा ओलाव्याची टक्केवारी, मोजायची पद्धत आणि मोजताना तुमचा माणूस हजर, हे तीन लिहून घ्या. भाव टनावर न मागता किलोकॅलरीवर मागा, चांगला माल देणाऱ्याचा त्यात फायदा. लाखभर टनात किती बॉयलर ते विचारलंत: आमच्यासारखा तासाला पाच टन वाफ देणारा चोवीस तास चालला तर दिवसाला पंचवीस टनांच्या आतबाहेर खातो. हिशेब तुम्हीच करा, आकडेमोड तुमचं खातं.

पावबटर, तुमच्या भट्टीचं माप आणि रोजचं लाकूड किती ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या बर्नरवाल्याला विचारून सांगतो, पण गॅसची जोडणी मिळत असेल तर तिचा अर्ज आधी टाका.

आकडेमोड्या

दहा-अकरा बॉयलर, वर्षभर.

पावबटर

व्यनि केलाय. गॅसचा अर्जही केलाय, पाइप गल्लीच्या तोंडापर्यंत आलाय, आत यायला रस्ता खणायची परवानगी हवी.